पिवळ्या चिठ्ठ्यांची गल्ली

चष्मेवाल्यांबद्दल टपालरावांना जे काही माहीत होतं, ते लिहून काढलं तर पोस्टकार्डाची एक बाजूही भरणार नाही. त्यांचं दुकान कुठे होतं, चहात ते साखर किती घालत आणि त्यांचा डावा बूट उजव्यापेक्षा जास्त झिजत असे, एवढंच. त्यांना भाऊ-बहीण होते का, तरुणपणी ते कुठे होते, लग्न का केलं नाही, हे टपालरावांनी कधी विचारलं नाही आणि त्यांनी आपणहून सांगितलं नाही. शेवटपर्यंत दोघांत अहो-जाहोच राहिलं. एकोणीस संध्याकाळी ते दोघं टपालरावांच्या मुलीसाठी मतं मागत दारोदार फिरले. तरी चष्मेवाल्यांनी स्वतः तिला मत दिलं की नाही, हे टपालरावांना आजतागायत ठाऊक नाही.

टपालराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते चष्मेवाल्यांनी पहिल्याच दिवशी ठेवलं. चौतीस वर्षं टपालरावांनी टपाल कचेरीच्या मागच्या खोलीत उभ्याने काम केलं. समोर लाकडी खणांची भिंत, हातात पत्रांचा गठ्ठा. पत्ता वाचायचा आणि पत्र ज्या त्या खणात टाकायचं. वॉर्डातलं घर न् घर त्यांना पाठ होतं, पण माणूस एकही ओळखीचा नव्हता, कारण पत्रं वाटायला दुसरे जात. टपालरावांना ते सोयीचंच होतं. अनोळखी माणसापुढे त्यांच्या तोंडातून शब्द फुटत नसे, आणि फुटला तर तो ‘हो’ असे. दारावर आलेल्या विक्रेत्याला नाही म्हणणं त्यांच्या अगदी जिवावर येई. त्यामुळे घरात तीन इस्त्र्या होत्या आणि एका ज्ञानकोशाचे दुसरा आणि पाचवा, असे दोनच खंड होते.

अशा माणसाची मुलगी निवडणुकीला उभी राहिली. ती परिचारिका होती. वॉर्डातला जुना बस डेपो बंद पडून चार वर्षं झाली होती. तिथे पाळणाघर आणि बाग व्हावी, असं तिचं म्हणणं. दोनदा निवडून आलेले फर्निचरवाले म्हणत होते, तिथे वाहनतळ पाहिजे. मुलीच्या पाठीशी पक्ष नव्हता. बावीस माणसं होती आणि गणिताचे क्लास घेणाऱ्या एका गृहस्थांचं गॅरेज होतं. हे क्लासवालेच प्रचाराचे प्रमुख. त्यांनी गॅरेजच्या भिंतीवर मोठा तक्ता लावला होता. मतदार ‘तुम्हालाच’ म्हणाला तर हिरवी चिठ्ठी, ‘तुम्हाला नाही’ म्हणाला तर लाल, आणि तळ्यात-मळ्यात करत असेल तर पिवळी.

“बाबा, तुम्ही इथे बसून पाकिटांवर पत्ते घाला,” मुलगी म्हणाली. तिने ते मायेनेच म्हटलं होतं, म्हणून जास्त लागलं.

“मी आपली गल्ली घेतो,” टपालराव म्हणाले, आणि आपलाच आवाज ऐकून दचकले. “तीनशे बारा मतदार आहेत.”

“बोलाल तुम्ही त्यांच्याशी?”

“हो.”

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. “बाबा, ही इस्त्री नाहीये.”

त्या क्षणापासून टपालरावांना एकच घोर लागला. आपलं हे एक ‘हो’ तरी खरं ठरलं पाहिजे.

जोडीने फिरायचा नियम होता. टपालरावांच्या वाट्याला चष्मेवाले आले. त्यांचं दुकान गॅरेजच्या शेजारीच. इतकं आखूड, की अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगलेला असे आणि ती अक्षरं समोरच्या आरशात बघून वाचावी लागत. ते प्रचाराला का आले, असं क्लासवाल्यांनी विचारलं तेव्हा म्हणाले, “संध्याकाळी दुकानात कोणी येत नाही, आणि गुडघ्यांना चाल पाहिजे.” यापलीकडे कारण कोणाला कळलं नाही.

पहिलं दार गाणं शिकवणाऱ्या बाईंचं होतं. टपालरावांनी चार वाक्यं पाठ करून आणली होती. दुसऱ्या वाक्यालाच बाई गोड हसल्या, “हो हो, नक्की,” म्हणाल्या आणि दार लागलं. टपालरावांचा चेहरा खुलला. त्यांनी घाईघाईने हिरवी चिठ्ठी काढली.

“पिवळी,” चष्मेवाले म्हणाले.

“अहो, नक्की म्हणाल्या त्या.”

“टपालराव, मी गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवून ‘दिसतंय ना?’ असं विचारलं, तर दहातले आठ जण ‘दिसतंय’ म्हणतात. समोरच्याला कशाला दुखवा म्हणून. मग तो चष्मा घरी जाऊन ड्रॉवरमध्ये झोपतो. ‘दिसतंय ना’ हा प्रश्नच वाईट. मी दोन भिंगं फिरवतो आणि विचारतो, असं बरं, की असं? आणि मग शेवटची ओळ वाचून दाखवायला लावतो.”

“पण इथे ओळ कुठली वाचायला लावणार?”

“बघा आता.”

दुसऱ्या दारात एक गृहस्थ उभे राहिले. चष्मेवाल्यांनी नमस्कार केला, त्यांच्या चष्म्याकडे बघितलं आणि चुकचुकले. “काय हे. धुक्यात राहता की काय? द्या इकडे.” गृहस्थांनी चष्मा काढून दिला. चष्मेवाल्यांनी खिशातून पिवळं फडकं काढलं आणि आरामात पुसायला लागले. ज्याचा चष्मा दुसऱ्याच्या हातात आहे तो दार लावू शकत नाही, ही गोष्ट टपालरावांच्या तेव्हा प्रथम लक्षात आली.

“डेपोच्या जागेचं काय करावं म्हणता?” चष्मेवाल्यांनी विचारलं. “एकीकडे पाळणाघर, बाग. एकीकडे वाहनतळ. असं बरं, की असं?”

आणि गृहस्थ बोलायला लागले. अकरा मिनिटं बोलले. डावं भिंग लखलखीत झालं, उजवं झालं, मग काड्या पुसून झाल्या, मग स्क्रू बघून झाले. खाली उतरताना चष्मेवाल्यांनी लाल चिठ्ठी पुढे केली. मुलीच्या नावाने काढलेली पहिली खरी चिठ्ठी, आणि ती लाल.

पुढे बेकरीवाल्याकडे तर कहरच झाला. बेकरीवाला आधी मुलीच्याच बाजूचा होता. त्याला लहान नातू होता. चष्मेवाल्यांनी त्याच्यापुढे पाळणाघराची बाजू मांडली, ती नीटच मांडली. मग फर्निचरवाल्यांची बाजू मांडली, आणि तीही तितकीच नीट मांडली. ती ऐकताना बेकरीवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पहाटे पावाची गाडी उभी करायला त्याला दोन गल्ल्या ओलांडून जावं लागत होतं.

“अरे, मला तर वाहनतळच बरा,” बेकरीवाला म्हणाला. “बरं झालं तुम्ही आलात.”

जिन्यात टपालराव पहिल्यांदा चिडले. “अहो, तुम्ही आपल्या बाजूचे ना?”

“मग काय खोटं भिंग लावून देऊ? चार दिवसांनी त्याला आपसूक कळलंच असतं. वर म्हणाला असता, म्हाताऱ्यांनी फसवलं.”

“पण ती माझी मुलगी आहे.”

“ते तुम्ही दारात का सांगत नाही? सहा दिवस झाले. लोकांना वाटतं, मी एकटाच आलोय आणि माझ्यामागे कोणी तरी पत्रकं वाळत घातली आहेत.”

यावर टपालराव पत्रकं मोजत जिना उतरायला लागले. पण चष्मेवाल्यांनी ते मनात ठेवलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर डेपोतल्या जुन्या मेकॅनिकच्या दारात त्यांनी डाव साधला. हा मेकॅनिक गल्लीत रागीट म्हणून प्रसिद्ध होता. टपालरावांना त्याच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं, की त्याला विम्याची पत्रं महिन्याला येत आणि परदेशातून मुलाचं पत्र वर्षातून एकदा. अर्थात हे त्यांनी चष्मेवाल्यांनाही सांगितलं नव्हतं. पाकिटावरचं वाचायचं आणि विसरून जायचं, हा त्यांचा जन्माचा नेम.

“वीस वर्षं मत दिलं नाही मी,” मेकॅनिक गरजला. “सगळे एका माळेचे मणी. आणि ही पोरगी काय करणार? डेपोत तळघर आहे, तेलाचे खड्डे आहेत. तिथे पोरं खेळवणार? तिला माहीत तरी आहे का?”

चष्मेवाले शांतपणे त्याचा चष्मा पुसत होते. “मला नाही सांगता येणार. हे तिचे वडील. यांना विचारा.”

टपालरावांची पाचावर धारण बसली. मेकॅनिकने चष्म्याविना डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहिलं. पळून जावं, तर जिन्याच्या तोंडाशी चष्मेवाले उभे होते.

“खड्ड्यांचं तिला माहीत नसेल,” टपालराव म्हणाले. “मलाही नव्हतं. पण सांगितलं तर ती ऐकते. आणि हातात घेतलेलं अर्धवट सोडत नाही.” मग खरेपणा त्यांना गप्प बसू देईना. “स्वयंपाक सोडून.”

मेकॅनिक हसला. वीस वर्षांत तो हसल्याचं कोणी ऐकलं नव्हतं असं पुढे गल्लीत म्हणत, पण गल्लीला फुगवून सांगायची सवयच होती. त्याने दोघांना आत बसवलं आणि डेपोच्या खड्ड्यांचा नकाशा काढून दिला. निघताना दारापर्यंत आला, ते जिना उतरत असतानाही वरून भांडत राहिला. तरी मत देणार का, यावर म्हणाला, “ते बघू.”

“पिवळी,” टपालराव या वेळी आपणहून म्हणाले.

“हां. पण ही पिवळी पिकायला आलेली आहे.”

तेराव्या दिवशी क्लासवाल्यांनी सगळ्यांना गॅरेजमध्ये बोलावलं. तक्त्यावर बाकीच्या गल्ल्या हिरव्यागार झाल्या होत्या. एकट्या टपालरावांच्या गल्लीत लाल एकशे चार, हिरव्या शहाण्णव, उरलेल्या पिवळ्या.

“ही गल्ली आपल्या उमेदवाराची स्वतःची,” क्लासवाले पट्टीने तक्ता ठोकत म्हणाले. “आणि इथे लाल जास्त? चष्मेवाले, तुम्ही फर्निचरवाल्यांचा प्रचार करता असं लोक सांगतात.”

“त्यांची बाजू सांगतो. ती सांगितल्याशिवाय आपली दिसत नाही.”

“बाकीच्यांना कशा दिसतात मग? या जोडीकडून गल्ली काढून घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. सहा दिवस आहेत. दुसरी जोडी हिरवी करून दाखवेल.”

मुलगी दोघांच्या मधे उभी होती. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. दिवसा दवाखाना आणि संध्याकाळी हे. “बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही सांगा. खरं सांगा. बदलू का जोडी?”

बावीस माणसं टपालरावांकडे बघत होती. ‘हो’ म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. क्लासवाले खूश, गल्ली हिरवी, आणि उद्यापासून खुर्चीत बसून पाकिटं. तो शब्द अगदी ओठांवर आला होता.

“नको,” टपालराव म्हणाले. “तुमच्या या हिरव्या चिठ्ठ्या आहेत ना, त्यातली एक मी आहे.”

कोणाला काही कळलं नाही.

“म्हणजे मागच्या तीन निवडणुकांत. माझ्या दारात जो आला त्याला मी हो म्हणालो. फर्निचरवाल्यांच्या माणसांना म्हणालो, त्यांच्याविरुद्ध जे उभे होते त्यांच्या माणसांना म्हणालो. दोन्हीकडच्या तक्त्यावर मी हिरवाच असणार. आणि तिन्ही वेळा मी मत द्यायला गेलोच नाही. घरी बसलो.”

मुलीने कपाळाला हात लावला. “बाबा, तुम्ही मला सांगितलंत जाऊन आलो म्हणून.”

“तू विचारलंस, गेला होतात ना? मी हो म्हणालो.”

आधी चष्मेवाल्यांना हसू फुटलं, मग मुलीला, मग सगळ्या गॅरेजला. क्लासवाले तेवढे हसले नाहीत. ते वळून तक्त्याकडे बघायला लागले, आणि तो हिरवा रंग त्यांना आता आवडेनासा झालेला दिसला.

“यांचीच जोडी राहू दे,” मुलगी डोळे पुसत म्हणाली.

उरलेले सहा दिवस दोघं फक्त पिवळ्या दारांवर गेले. गाणं शिकवणाऱ्या बाईंना तर चष्माही नव्हता. टपालरावांनी हात पाठीमागे घट्ट धरले आणि विचारलं, “बाई, त्या दिवशी तुम्ही नक्की म्हणालात. मीसुद्धा तसंच म्हणतो. काय खुपतंय ते सांगा.”

बाई थोड्या लाजल्या. मग म्हणाल्या, “माझी खिडकी डेपोकडे उघडते. शिकवणी चालू असताना पन्नास पोरं किंचाळली तर मी काय करू?”

ही अडचण कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. टपालरावांनी ती चिठ्ठीच्या मागे लिहून मुलीला दिली, मेकॅनिकच्या नकाशासकट.

मतदान शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत होतं. रांगेत सगळ्यात पुढे मेकॅनिक उभा होता आणि रांग हळू सरकते म्हणून भांडत होता. बेकरीवाला हाताला पीठ लागलेलं असतानाच आला. बाई आल्या. टपालरावांचीही पाळी आली आणि काम चोख झालं. बाहेर झाडाखाली ते थांबले. थोड्या वेळाने चष्मेवाले आले.

“काय टपालराव, दिसलं का नीट?”

“दिसलं. तुम्हाला?”

“अक्षर फार बारीक आहे हो. म्हाताऱ्या माणसांनी वाचायचं कसं? तक्रार करायला हवी,” चष्मेवाले म्हणाले, आणि मनापासून त्याच विषयावर घरापर्यंत बोलत राहिले.

मुलगी चौसष्ट मतांनी हरली. हिरव्यागार गल्ल्यांतली निम्मी माणसं घराबाहेरच पडली नव्हती. टपालरावांच्या गल्लीत मात्र तीनशे बारापैकी दोनशे एकाहत्तर जणांनी मत दिलं, वॉर्डात सगळ्यांत जास्त. त्यात मुलीला एकशे अडतीस, फर्निचरवाल्यांना एकशे तेहेतीस. क्लासवाल्यांनी आकडे दोनदा तपासले आणि पट्टी खाली ठेवली.

मुलगी दोन दिवस गॅरेजकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी बेकरीवाला पाव घेऊन आला. “मी तुला मत दिलं नाही,” तो दारातूनच म्हणाला, “पण तुझ्या माणसांनी मला विचारलं तरी. त्या फर्निचरवाल्यांनी तेवढंही केलं नाही. पुढच्या वेळी उभी राहणार ना?”

“पहिल्या चष्म्याला लगेच कोणीच सरावत नाही,” चष्मेवाले म्हणाले. “घेरी येते, पायरी चुकते. काढून ठेवायचा नाही, एवढंच.”

तिने काढून ठेवला नाही. पुढच्या निवडणुकीला गॅरेज तेच, पण तक्ता बदलला. क्लासवाल्यांनीच फर्मान काढलं, की चिठ्ठीच्या मागे मतदाराची अडचण लिहिलेली नसेल तर हिरवी चिठ्ठी घेतली जाणार नाही. बावीस माणसांची चाळीस झाली होती आणि प्रत्येकाच्या खिशात एक पिवळं फडकं होतं. या खेपेला मुलगी निवडून आली. आता डेपोत पाळणाघर आहे, पण लांबच्या टोकाला. बाईंच्या खिडकीखाली बाग आहे. खड्डे मेकॅनिकच्या नकाशाप्रमाणे आणि त्याच्या देखरेखीखाली बुजवले. कुंपणाजवळ आठ गाड्या उभ्या राहतील एवढी जागा आहे, आणि आठ पुरत नाहीत अशी बेकरीवाल्याची तक्रार दर आठवड्याला येते.

चष्मेवाल्यांनी हे काही पाहिलं नाही. त्या निवडणुकीच्या आधीच्या हिवाळ्यात, एका गुरुवारी, ते झोपेतच गेले. दुकानात आता मोबाइल दुरुस्ती चालते, पण आरसा अजून भिंतीवर आहे. मुलगी कधी कधी विचारते, “बाबा, त्यांनी मला मत दिलं असेल का हो?” टपालराव खांदे उडवतात. त्यांना खरंच माहीत नाही. आणि माहीत नसताना ‘हो’ म्हणणं त्यांनी सोडून दिलं आहे.

चष्मेवाले गेले त्याच आठवड्यात, सोमवारी, टपालराव दुकानात गेले होते. चष्म्याची काडी ढिली झाली होती. चष्मेवाल्यांनी बारीक पेचकस घेऊन ती घट्ट केली, भिंगं फडक्याने पुसली, चष्मा टपालरावांच्या नाकावर ठेवला आणि जरा मागे सरकून बघितलं.

“नंबर वाढलेला दिसतोय तुमचा. शनिवारी या, बघू.”

“हो.”

“हे कुठलं ‘हो’?”

“खरं ‘हो’. सव्वाचारला येतो.”

“साडेचारला या. सव्वाचारला माझा चहा असतो.”

“मग सव्वाचारलाच येतो,” टपालराव म्हणाले.